रात्री ठरलं, पहाटे निघायचं: सोलापूर ते रत्नागिरी, स्वतःच्या गाडीने

प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली आहे, शुक्रवारी संध्याकाळी घरात अचानक रत्नागिरीचं ठरलं आहे. माणसं पाच: नवरा-बायको, दोन मुलं आणि सत्तरीकडे झुकलेली आई. गाडी पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, पाच वर्षांची. खोली बुक नाही, घाटात गाडी चालवायची फारशी सवय नाही. जावं का, कोणत्या रस्त्याने जावं, आणि रात्रीत काय काय बघून घ्यावं?

जा. अचानक निघण्यात धोका नाही, धोका आहे तो दोन गोष्टी सैल सोडण्यात: वाटेतला आंबा घाट उजेडात पार होणं आणि पहिल्या रात्रीची खोली निघण्याआधी हातात असणं. या दोन पक्क्या झाल्या की बाकी काय बघायचं, कुठे जेवायचं, परत येताना कुठे थांबायचं, हे सगळं गाडीत बसून ठरलं तरी चालतं. लोक नेमकं उलटं करतात. बघायच्या ठिकाणांची यादी रात्री बारापर्यंत चालते, खोली ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून राहते आणि उठायला उशीर होऊन निघायला नऊ वाजतात. मग घाटात दिवेलागण आणि रत्नागिरीत रात्री नऊला लॉजच्या दारात ‘फुल आहे’.

म्हणून आधी खोली. जोडून सुट्टी असली की गणपतीपुळ्यातल्या खोल्या सर्वांत आधी संपतात आणि उरलेल्यांचे दर चढतात. तुम्ही रत्नागिरी शहरातच राहा. पुळे तिथून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, सकाळी जाऊन येता येतं. शिवाय शहरात दवाखाने, औषधांची दुकानं, गॅरेज, टायरवाले सगळं जवळ. आई बरोबर असताना हे महत्त्वाचं. फोन करताना चारच गोष्टी विचारा: खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, गाडी आवारात लागते की रस्त्यावर, आणि दुपारी एकला पोचलो तर खोली मिळेल की चोवीस तासांचा हिशोब आहे. संडास कमोडचा आहे का, हेही आईसाठी विचारून घ्या. लाजू नका.

आगाऊ रक्कम पाठवताना सांभाळा. हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर टाकून पैसे उकळणारे असतात, आणि शुक्रवारी रात्री घाईत असलेलं गिऱ्हाईक त्यांना अगदी सोयीचं. यूपीआयवर समोर दिसणारं नाव लॉजच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळतं का ते बघा, खोलीचा व्हिडिओ मागा, आणि पहिल्या रात्रीच्या अर्ध्या भाड्यापेक्षा जास्त पाठवू नका. ‘पूर्ण पैसे आत्ताच टाका, नाहीतर खोली जाईल’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. साडेदहापर्यंत काहीच जमलं नाही तर बेत मोडायची गरज नाही. पहिली रात्र कोल्हापुरात काढा, तिथे खोल्या खूप आहेत, आणि रविवारी सकाळी सहाला घाटाकडे निघा. फक्त ‘खोली नाही, तरी थेट रत्नागिरी’ हे पाच माणसांना घेऊन करू नका.

आता गाडी. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून घ्यायचा मोह टाळा. घाईत केलेल्या कामात एखादा नट कच्चा राहतो, ऑइलचा ड्रेन बोल्ट नीट आवळलेला नसतो आणि ते कळतं थेट हायवेवर. सर्व्हिसिंगची तारीख उलटली असेल तर आल्यावर करा. आत्ता घराखाली, मोबाइलच्या उजेडात अर्ध्या तासात बघण्यासारखं पुरेसं आहे.

सुरुवात टायरपासून. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यातला. सहा वर्षं उलटलेला टायर नक्षी चांगली दिसत असली तरी भर उन्हात, भरल्या गाडीने, शंभराच्या वेगाने पळवायचा नसतो, कारण रबर आतून कडक झालेलं असतं. कडेला बोट फिरवा. बारीक चिरा असतील किंवा कुठे फुगवटा लागत असेल तर तो टायर बदलल्याशिवाय निघू नका. नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या लहान पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली की खोली 1.6 मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला.

हवा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. त्यावर दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान म्हणजे दुसरा आकडा. हवा टायर थंड असताना मोजायची, म्हणजे गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. सोलापुरात बऱ्याच पंक्चरवाल्यांकडे एक सल्ला हमखास मिळतो: ‘ऊन आहे, हवा वाढते, चार पौंड कमीच ठेवा.’ हा सल्ला ऐकू नका. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला कडेला जास्त दबतो, दबण्याने तापतो आणि त्या तापानेच फुटतो. उन्हाने वाढणारा दाब कंपनीने आकडा ठरवतानाच धरलेला असतो. नायट्रोजन भरलात तर भरा, नाही भरलात तरी काही अडत नाही. स्टेपनीची हवा मात्र बघाच. ती पाच वर्षांत कुणी बघितलेली नसते. जॅक, पाना आणि टो-हुक डिकीत आहेत का, हेही त्याच वेळी.

बॉनेट उघडून कूलंट गार इंजिनवर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आहे का ते बघा. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट घाला, नळाचं पाणी नको. ब्रेक ऑइल बाटलीत खाली गेलेलं दिसलं तर नुसतं वर ओतून मोकळं होऊ नका. ते खाली जातं म्हणजे बहुधा पॅड झिजलेत किंवा कुठे तरी गळतंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय घाट नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओल धरलेलं ऑइल उतारावर तापलं की उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल एकदम स्पंजासारखं खाली जातं. तुमची गाडी पाच वर्षांची आहे. हे ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल तर शनिवारी सकाळी गॅरेज उघडल्यावर बदलून घ्या आणि पहिला मुक्काम कोल्हापूर धरा. काम तासाभराचं आहे.

वायपरचं रबर बोटाने दाबून बघा. सोलापूरच्या उन्हात ते कडक होतं आणि घाटातल्या धुक्यात काच पुसण्याऐवजी फासतं. हेडलाइटच्या उंचीचा खटका स्टिअरिंगजवळ असतो, बहुतेकांना तो कशाचा हे माहीत नसतं. मागे तीन माणसं आणि भरलेली डिकी असली की गाडीचं तोंड वर उचलतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. तो खटका एक-दोन घरं खाली करा. टपावर सामान बांधू नका.

सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख बघा. उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारतील. पेट्रोलची टाकी सोलापुरातच पूर्ण भरा. या प्रवासात सीएनजीच्या रांगांवर भरवसा ठेवायचा नाही, मिळाला तर फायदा. सगळं पेट्रोलवर धरलं तर जाऊन-येऊन सुमारे 730 किलोमीटर, तिथलं फिरणं दीडशे, म्हणजे 880. एसी, घाट आणि पाच माणसं धरून लिटरला पंधरा-सोळा पडेल. पंचावन्न ते साठ लिटर, म्हणजे सहा हजारांच्या आसपास.

कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, पण पीयूसी आणि विम्याची तारीख बघून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, तो बंद तर पडला नाही ना, हे रात्रीच तपासा. 15 नोव्हेंबर 2025 पासून टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल पडतो. राष्ट्रीय महामार्गांवर वर्षभर फिरणं असेल तर वार्षिक पास आहे, एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. एका सहलीसाठी त्याची गरज नाही.

निघायची वेळ पहाटे साडेचार. जाताना सगळा प्रवास पश्चिमेकडे आहे, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर राहतं. उन्हाळ्यात दुपारी बाराच्या आत देशावरचा तापलेला रस्ता मागे पडतो. आणि पहाटेच निघायचं तर रात्री साडेनऊला झोपलं पाहिजे, निदान गाडी चालवणाऱ्याने. बॅगा भरायचं काम घरातल्या इतरांनी घ्यावं. चार तासांची झोप घेऊन आठ तास गाडी चालवणं म्हणजे मिरजेच्या पुढे डुलकी ठरलेली.

वाट सरळ आहे. देगाव, तिऱ्हे, कामती, बेगमपूरला भीमा ओलांडायची, माचणूर, मंगळवेढा, सांगोला, नागज फाटा, कवठेमहांकाळ, मिरज, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर. तिथून पुढे मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. एकूण 365 किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून आठ ते साडेआठ तास. हा नागपूर-रत्नागिरी महामार्ग, क्रमांक 166.

नकाशात ठिकाण टाकताना एक घोळ होतो. कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगराचं गाव ‘वाडी रत्नागिरी’. बोलून शोध घेतला किंवा घाईत पहिलं नाव दाबलं तर गाडी थेट जोतिबाच्या पायथ्याला. नुसतं ‘रत्नागिरी’ न टाकता ‘रत्नागिरी बसस्थानक’ किंवा लॉजचं नाव टाका. दुसरं, नकाशा दहा मिनिटं वाचतात म्हणून कधी अणुस्कुऱ्याच्या घाटाने किंवा गगनबावड्याकडून वळवायला बघतो. घाटाची सवय नसलेल्याने तिकडे जाऊ नये. ते रस्ते अरुंद, वळणं तीव्र, वस्ती विरळ, आणि मोबाइलला रेंज जाते-येते. नागज फाट्यावर गुहागर-विजयपूर महामार्ग आडवा येतो. तिथून उजवीकडे विटा-कराड-कुंभार्ली घाट-चिपळूण असं जाता येतं. चिपळूण-गुहागरला जायचं असेल तर तोच रस्ता, पण रत्नागिरीसाठी लांबचा.

सोलापूर ते सांगोला हा पहिला टप्पा सर्वांत सोपा वाटतो आणि म्हणूनच तिथे वेग वाढतो. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर साधारण मार्चपर्यंत, या रस्त्यावर पहाटेची खरी भीती उसाच्या ट्रॅक्टरची असते. मागे दोन ट्रॉल्या, बाहेर डोकावणारं वाढं, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. तुमच्या दिव्यात तो दिसतो तेव्हा साठ-सत्तर मीटर उरलेले असतात आणि तो ताशी पंधराने चाललेला असतो. तुम्ही नव्वदने असाल तर तेवढ्यात गाडी थांबत नाही. त्यामुळे उजाडेपर्यंत सत्तरच्या वर जायचं नाही, समोर कुणी नसेल तर अप्पर दिवा ठेवायचा, आणि डांबरावर सांडलेला ऊस दिसू लागला की पुढे ट्रॉली आहे असं समजायचं. हेच ट्रॅक्टर चौपदरी रस्त्यावर उलट्या बाजूनेही येतात, फाटा जवळ पडतो म्हणून. पहाटे उजव्या लेनमध्ये चिकटून राहू नका.

आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या आसपास मंगळवेढा-सांगोला पट्ट्यात पंढरपूरची गर्दी असते. शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखीही आषाढीला सोलापूरहून मंगळवेढ्याच्या वाटेने पंढरपूरला जाते. रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं अंधारातच निघालेली असतात. एकादशीच्या आगेमागे दोन दिवस या रस्त्याने रात्री किंवा पहाटे जाऊ नये.

खाणं घरून न्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, दही वेगळ्या डब्यात. दही सोडलं तर तीन दिवस न बिघडणारं याहून चांगलं काही नाही, आणि आईला बाहेरचं तेलकट चालत नसेल तर प्रश्नच मिटला. सांगोल्याच्या पुढे सहा-सव्वासहाला पहिला थांबा, पंधरा मिनिटं. आईला दर दीड-दोन तासांनी उतरवून पाच मिनिटं चालवा. बसून पाय सुजतात. पाणीही पीत राहायला हवं. वाटेत जायला जागा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. यावर उपाय म्हणजे थांबे पंपांवर किंवा मोठ्या हॉटेलांवर आधीच ठरवून घेणं.

अंकली ते हातकणंगले हा पट्टा कंटाळवाणा आहे. वस्ती, कारखाने, ऊस, शाळेच्या बसेस. सकाळी आठच्या आत निघून गेलात तर अर्धा-पाऊण तास, नंतर कितीही. कोल्हापुरात नऊच्या आत पोचलात तर शहरातून शिवाजी पुलावरून केर्लीला बाहेर पडा. उशीर झाला तर शहरात न शिरता शिये फाट्यावरून भुये-निगवेकडून केर्ली गाठा. इथून पुढे चौपदरीकरणाची कामं आणि वळणरस्ते लागतील. एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक सोडलेली असते आणि ते सांगणारा फलक अगदी जवळ गेल्यावर दिसतो. समोरून आपल्याच लेनमध्ये गाडी आली तर दचकू नका, डावी धरा.

कोल्हापुरात मिसळ खाऊन घाटात जायचं नाही. मोह होतो, कबूल. पण मुलांच्या उलट्यांचं निम्मं कारण घाट नसतं, घाटाआधी तासभर पोटात गेलेला कट असतो. इडली, पोहे, केळी एवढ्यावर भागवा, मिसळ परतीच्या वाटेवर घाट चढून आल्यावर. उलटीची गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घाटाच्या तासभर आधी, म्हणजे कोल्हापुरातच. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेर येते. घाटात मुलांच्या हातात मोबाइल नको, काच बोटभर उघडी, नजर समोर.

आता घाट. आंबा गाव सोडलं की उतार सुरू होतो तो साखरप्याच्या बाजूला खाली उतरेपर्यंत. एकच नियम लक्षात ठेवा: उतरताना गाडीचा वेग गिअरने धरायचा, ब्रेकने नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाका. पाय एक्सिलरेटरवरून काढा. गाडी पंचवीस-तीसच्या आसपास स्वतःच रेंगाळेल, इंजिनचा आवाज चढेल. त्या आवाजाला घाबरून लोक तिसरा टाकतात किंवा क्लच दाबतात. दोन्ही चुकीचं. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर ओरडलं तरी त्याला काही होत नाही, चाकांना पेट्रोल न जाळता रोखून धरायचं तेच काम ते करत असतं. वेग वाढला की वळणाच्या आधी, सरळ भागात, ब्रेक दोन-तीन सेकंद ठामपणे दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. हलका हलका सतत दाबून ठेवला की पॅडला थंड व्हायला वेळ मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड वापरायचा, ‘डी’वर सोडून द्यायची नाही.

न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरणं हा शुद्ध वेडेपणा. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि वाचलेलं पेट्रोल वीस रुपयांचंही नसतं.

पॅड तापल्याची पहिली खूण वास: जळकट, तापलेल्या रबरासारखा. घाटातल्या गायमुखाच्या आसपास मोकळ्या जागेत थांबलात की पुढच्या चाकाजवळ नाक न्या, कळेल. वास असेल तर वीस मिनिटं थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. हँडब्रेकवर भार न ठेवता गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला दगड लावा. निघताना दगड काढायला विसरू नका, तो तसाच सोडला तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव जातो. पेडल मऊ लागलं, खोल जाऊ लागलं, तर मात्र वीस मिनिटांत बरं वाटलं म्हणून पुढे निघू नका. मदत मागवा. महामार्गाची मदत 1033, आणीबाणीला 112, रुग्णवाहिका 108.

चक्री वळणासारख्या जागी समोरून एसटी किंवा लांब ट्रक येत असेल तर त्याला पूर्ण रस्ता लागतो. तुम्ही आधीच थांबा. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे, आणि तो शहाणपणाचा आहे, कारण चढावर थांबलेला भरला ट्रक पुन्हा उचलणं अवघड. वळणाआधी हॉर्न, वळणात ओव्हरटेक नाही. माकडांना खायला देऊ नका, ती गाड्यांखाली येतात. संध्याकाळनंतर या जंगलात गवे रस्त्यावर येतात. काळा गवा काळ्या डांबरावर जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणूनही घाट उजेडात.

पावसाळ्यात हा बेत रात्रीत ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबा घाट खचून वाहतूक बंद पडली होती. घाट ठीक असला तरी कोल्हापुरात पंचगंगा चढली की केर्लीजवळ रस्ता पाण्याखाली जातो. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा: इशारा 39 फूट, धोका 43. पातळी पस्तीसच्या वर आणि चढती असेल तर गेलात तरी परत येताना अडकाल.

हातखंब्यानंतर दमट हवा अंगावर येते. कोरड्या सोलापूरच्या गाडीची काच इथे आतून धुरकट होते, एसी काचेकडे वळवा. मुक्काम पुळ्याला मिळालाच असेल तर रत्नागिरीत न जाता हातखंब्याहून निवळी आणि जाकादेवीमार्गे जा, जयगड बंदराच्या ट्रकना सांभाळून.

दुपारी एकला पोचल्यावर समुद्रावर धावू नका. जेवा, दोन तास झोपा. चारला थिबा पॅलेस बघा. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1885 पासून कैदेत होता, हा वाडा त्याच्यासाठी 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. आत वस्तुसंग्रहालय आहे, सोमवारी बंद, त्यामुळे शनिवार-रविवारीच उरका. सूर्यास्त थिबा पॉइंटवरून किंवा रत्नदुर्गावरून. रत्नदुर्गावर भगवती मंदिरापर्यंत आईला सावकाश नेता येईल, तटावरून फिरायचं मुलांनी. मांडवीचा किनारा काळ्या वाळूचा, पोहण्याचा नाही, जेटीवर बसून वारा खाण्याचा.

रविवारी सकाळी सातच्या आत आरे-वारेच्या रस्त्याला लागा. एका बाजूला समुद्र ठेवून चढत-उतरत जाणारा हा रस्ता या सहलीतला सर्वांत देखणा भाग आहे, आणि दहानंतर तो गाड्यांनी भरतो. पुळ्यात नऊच्या आत दर्शन होऊ द्या. डोंगराची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे, आईच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा. जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण देशावरची माणसं इथेच फसतात. तलावाचं पाणी हळूहळू खोल होतं, समुद्राचं तसं नाही. लाटा किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने परत आत जातं. तो पट्टा ओळखायचा कसा? आजूबाजूला लाटा फुटताना पांढरा फेस दिसतो आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, किंचित गढूळ दिसतो. नवख्या माणसाला तीच ‘शांत जागा’ बरी वाटते आणि तो मुलांना घेऊन तिथेच उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही, दमून जाल. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग बाहेर. आरे-वारे आणि पुळे दोन्हीकडे माणसं बुडाली आहेत. गुडघ्यापर्यंत पाणी, मुलाचा हात हातात, आणि ओहोटी लागल्यावर आत जायचंच नाही.

भरतीची वेळ काढायची कोकणातली सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. सकाळी जी वेळ येते तीच साधारण संध्याकाळी, आणि मधे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत जोरात ओसरतं.

गाडी वाळूत घालू नका, फोटोसाठीही नाही. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक थांबलं की खाली बसतं. मग एक्सिलरेटर दाबाल तर चाक खणत जाईल आणि चेसिस टेकेल. रुतलीच तर सगळे उतरा, टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास आणा, चाकापुढची वाळू हाताने काढून पायपुसण्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत बाहेर काढा. नंतर हवा भरेपर्यंत वीसच्या वर जाऊ नका.

मासे खायचे असतील तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटातली सुरमई बर्फातली असते. एरवी बांगडा मागा, स्वस्त आणि बहुधा ताजा. आंब्याच्या दिवसांत पेटी घेतलीत तर ती तापलेल्या डिकीत ठेवू नका, मागच्या सीटखाली पायाशी, झाकण सैल करून.

परतीला सोमवारी सकाळी आठला निघा. पूर्वेकडे तोंड आहे, सकाळचं ऊन थोडा वेळ डोळ्यांवर येईल, काळा चष्मा हवा. दुपारनंतर ऊन पाठीमागे. घाट चढताना सीएनजी बंद करून पेट्रोलवर या, ताकद लागते. ट्रकच्या मागे क्लच अर्धा दाबून रेंगाळू नका, अंतर सोडा आणि पहिल्या-दुसऱ्यात एकसारखी चढवा. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली. त्याने इंजिनचा ताप बाहेर निघतो. तरीही वर गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. उसाचे ट्रॅक्टर संध्याकाळीही असतातच, म्हणून सांगोला अंधाराच्या आत गाठायचा हिशोब ठेवा.

सोलापूरला आल्यावर दोन दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. वॉशिंगवाल्याला ‘खालून’ असं ठासून सांगा, नाहीतर तो वरूनच चकाचक करून देतो. खारं पाणी आणि वाळू सायलेन्सरच्या जोडावर, चाकांच्या कमानीत आणि डिस्कच्या मागे बसते. धुऊन झाल्यावर गाडी दहा मिनिटं चालवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे डिस्क सुकते. आणि मॅटखालची वाळू त्याच दिवशी काढा, ओल धरली की पत्रा तिथूनच गंजायला लागतो.